एकच पट्टी, वर्षभराची तोरणं: दाराचं तोरण सणागणिक नव्याने कसं सजवावं

गणपतीत कापडी तोरणावर बुरशीचे ठिपके येतात, दसऱ्याला त्याच कापडावर झेंडूचे पिवळे डाग पडतात, आणि पुढच्या पाडव्याला पेटीतून काढावं तर ते एका बाजूने लोंबत असतं. मग बाजारातून नवं आणलं जातं. बहुतेक घरांत याचं कारण एकच असतं. वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू आणि चार दिवसांत सुकणारी वस्तू एकाच दोऱ्यात ओवलेली असते. खणाच्या पट्टीवरच झेंडू टाचतात, लोकरीच्या गोंड्यातच ओली पानं खोचतात, आणि पानं-फुलं काढायची वेळ आली की गाठी सुटत नाहीत म्हणून कात्री चालवतात.

म्हणून एक नियम सुरुवातीलाच धरून ठेवा: पाया निरगाठीने, साज सुरगाठीने. पाया म्हणजे दारावरची कायमची पट्टी, ती एकदाच नीट करायची. साज म्हणजे पानं, फुलं, लोंब्या, ओंब्या, लटकनं. तो वेगळ्या दोरीवर तयार करून पट्टीला नुसता अडकवायचा. खालचे सगळे टप्पे या नियमावरच उभे आहेत, त्यामुळे त्यांचा क्रम बदलू नका. निम्म्या चुका आधी फुलं ओवून मग दाराचं माप घेण्यामुळे होतात.

## जमवाजमव

पायासाठी २ इंच रुंद सुती नवार, तिच्यावर लावायला खणाची किंवा जुन्या साडीच्या काठाची पट्टी, पडद्याच्या ११ लहान प्लॅस्टिक कड्या, तेवढेच पडद्याचे प्लॅस्टिक हूक आणि जाड सुती दोरा. साजासाठी सुतळी, फुलवाले वापरतात तो जाड दोरा, एक दाभण किंवा लांब सुई, आणि खराट्याच्या हिरांचे दीड-दीड इंचाचे तुकडे.

कड्या आणि हूक लोखंडी घेऊ नका. पावसाळ्यात गंज धरतो आणि तो डाग खणावरून कधीच जात नाही.

स्टेपलर तर या कामात नकोच. पिना पानाला पटकन बसतात हे खरं, पण तोरण उतरवल्यावर पानं निर्माल्यात, खतात किंवा रस्त्याकडेला जातात आणि तिथे गाईगुरं तोंड घालतात. पानाबरोबर पिन पोटात जाते. हीर किंवा पानाचा स्वतःचा देठ तेच काम तितकंच पक्कं करतो.

## टप्पा १: दाराचं माप

१. चौकटीच्या डाव्या बाहेरच्या कडेपासून उजव्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. आतल्या मोकळ्या जागेचं माप घेतलं तर पट्टी आखूड पडते आणि चौकटीची दोन्ही टोकं उघडी दिसतात.

२. खालून गणेशपट्टीपर्यंतची उंची मोजा. दाराची मोकळी उंची ७ फूट म्हणजे ८४ इंच असेल आणि मधलं लटकन ८ इंच खाली आलं, तर ७६ इंच उरतात. सहा फुटी माणूस पायात चप्पल घालून जेमतेम जातो, डोक्यावर काही घेऊन आलेला जात नाही. मधली लटकनं ६ इंचांच्या आत ठेवा. लांब पदर सोडायचे ते दोन टोकांना.

३. दारं उघडून बघा. फ्लॅटमध्ये आतला दरवाजा आत उघडतो आणि जाळीचा सेफ्टी डोअर बाहेर. तोरण सेफ्टी डोअरच्या वाटेत आलं तर पहिल्याच दिवशी अर्धी पानं फाटतात. त्या चौकटीत आकडे गणेशपट्टीच्या वरच्या कडेला, भिंतीला लागून घ्यावे लागतात.

तपासा: नुसती सुतळी तोरणाच्या जागी चिकटपट्टीने लावा आणि दोन्ही दारं पूर्ण उघडून मिटा. सुतळी कुठेही घासली नाही तरच पुढे जा.

यापुढची मापं ३६ इंच रुंदीची धरून दिली आहेत. तुमचं दार मोठं असेल तर कड्यांमधलं अंतर वाढवा, कड्यांची संख्या विषमच ठेवा. मधोमध एक कडी हवीच.

## टप्पा २: पाया शिवणं

१. नवार आणि खण दोन्ही शिवण्याआधी पाण्यातून काढून सावलीत वाळवा. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात नवार आटते आणि वरचा खण फुगे धरतो. रंग जाणारा खण असेल तर तोही आत्ताच कळतो.

२. नवार ४० इंच कापा. दोन्ही टोकं २-२ इंच आत दुमडून शिवा आणि दुमडीत दोरी जाईल एवढी पोकळी ठेवा. तयार लांबी ३६ इंच.

३. पुढच्या बाजूने खण लावा. वरची आणि खालची कड आत दुमडलेली असू द्या, सुटे धागे दिसायला नकोत. आरसे, कवड्या, मोती लावायचे ते याच वेळी. फक्त खालचा अर्धा इंच मोकळा सोडा, तिथे साज येणार आहे.

४. मागच्या बाजूने, खालच्या कडेला कड्या शिवा. पहिली कडी डाव्या टोकापासून ३ इंचांवर, पुढे दर ३ इंचांवर एक. ११ वी कडी ३३ इंचांवर येते आणि ६ वी बरोबर मध्यावर १८ इंचांवर. प्रत्येक कडीला दोऱ्याचे सहा-सात वेढे आणि शेवटी निरगाठ. सगळा भार या कड्यांवर येणार आहे, इथे घाई करू नका.

कडीचा अर्धा भाग पट्टीच्या खाली डोकावला पाहिजे. कडी पूर्ण पट्टीमागे लपवली तर हूक अडकवताना दर वेळी खण चुरगळतो, आणि ओलं पान थेट कापडाला टेकतं. पट्टी आणि पानं यांच्यात एक बोटभर अंतर राहिलं की डागांचा प्रश्न संपला.

पट्टी मध्ये वाकत असेल तर नवार आणि खण यांच्यामध्ये वरच्या कडेला एक पातळ बांबूची कामटी सरकवा. धुताना ती काढता यावी म्हणून एक टोक शिवू नका, टिचबटण लावा.

## टप्पा ३: आकडे आणि वजन

तीन आकडे घ्या: दोन टोकांना, एक मध्यावर. फक्त दोन आकड्यांवर झेंडूचं तोरण टांगलं की मधला भाग खाली येतो आणि टोकं आत खेचली जातात. बाजारच्या तोरणांची हीच गत होते.

लाकडी चौकटीत बारीक खिळा सर्वांत भरवशाचा. भाड्याच्या घरात चिकट आकडे लावावे लागतात. तिथे आधी जागा ओल्या फडक्याने, मग स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, आकडा दाबून बसवा आणि रात्रभर रिकामा ठेवा. नव्याने रंगवलेल्या भिंतीवर चिकट आकडा लावू नका, काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतो.

तपासा: अर्धा लिटर पाण्याने भरलेली बाटली एकेका आकड्याला रात्रभर टांगून ठेवा. मध्यम झेंडू साधारण आठ-दहा ग्रॅमचा असतो. तीस फुलांची माळ, पानं आणि दोन पदर धरले तर अर्धा किलोच्या आसपास वजन होतं आणि ते तीन आकड्यांत वाटलं जातं. जो आकडा बाटली पेलतो तो तोरण पेलतो.

## टप्पा ४: पानांची दोरी

पाडव्यापासून दिवाळीपर्यंत ही दोरी लागतेच, म्हणून ती सफाईने यायला हवी.

पानं निवडणं. कोवळी तांबूस पानं दिसायला सुंदर, पण दुपारपर्यंत माना टाकतात. फार जुनी, जाड पानं दुमडताना मोडतात. गर्द हिरवी, लवचिक आणि ६ ते ८ इंच लांबीची घ्या. बाजारातल्या तयार तोरणांत पुष्कळदा आंब्याऐवजी उंच वाढणाऱ्या शोभेच्या अशोकाची पानं असतात. त्यांच्या कडा लाटांसारख्या वळलेल्या असतात. शंका आली तर पान चुरगाळून वास घ्या. आंब्याच्या पानाला कैरीची आठवण करून देणारा वास येतो, अशोकाच्या पानाला तो नसतो.

किती पानं? प्रत्येक कडीखाली एक धरलं तर ११. भरगच्च हवं असेल तर २१. पान साधारण २ इंच रुंद असल्याने ३६ इंचांत ती एकमेकांवर थोडी चढतात आणि सुकून आक्रसल्यावरही फटी दिसत नाहीत. मी २१ चाच आग्रह धरेन, विशेषतः कोरड्या हवेच्या गावांत.

कृती.

१. पानं अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, मग दोन्ही बाजूंनी पुसून पूर्ण कोरडी करा. पाणी देठातून आत गेलेलं हवं, पानावर राहिलेलं नको.

२. सुतळी ६० इंच कापा आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये ताणून बांधा. मांडीवर घेऊन पानं लावली तर एक पान वर, एक खाली असं होतं.

३. पानाचं टोक खाली, देठ वर. देठाकडचा पाव भाग सुतळीवरून मागे दुमडा. देठ पुरेसा लांब आणि कडक असेल तर तोच पानातून टोचून पुढे काढा. नसेल तर हिराचा तुकडा आडवा टोचा: एकदा आत, एकदा बाहेर.

४. सुरुवात मधल्या पानापासून. एक डावीकडे, एक उजवीकडे असं टोकांकडे जा. एका टोकापासून सुरू केलं की शेवटी दोन पानांची जागा कमी पडते किंवा जास्त उरते.

५. सुतळी कड्यांवरच्या हुकांत टाका आणि दोन्ही टोकांना सुरगाठ मारा.

तपासा: दोन पावलं मागे जाऊन बघा. पानांची गुळगुळीत, चकाकती बाजू पुढे आहे ना? घाईत दोन-चार पानं हमखास उलटी लागतात.

आदल्या रात्री दोरी तयार करायची असेल तर ओल्या, पिळून घेतलेल्या सुती पंच्यात सैल गुंडाळून परातीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवलेली पानं बाहेर आल्यावर घामेजतात आणि काळी पडतात.

## टप्पा ५: झेंडूची माळ

खरेदी. दादरच्या फूलमंडईत किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात दसऱ्याच्या आदल्या दिवशी ढिगाने झेंडू येतो, आणि ढिगाच्या तळाचा झेंडू दाबलेला, ओला असतो. मूठभर फुलं उचलून उलटी करा. फुलाखालची हिरवी वाटी घट्ट आणि हिरवी असली पाहिजे. ती तपकिरी किंवा चिकट झाली असेल तर वरून फूल कितीही टवटवीत दिसो, दोन दिवसांत पाकळ्या गळतात. पाणी मारलेली फुलं वजनाला भरतात आणि लवकर कुजतात. किलोत मध्यम फुलं शंभराच्या आसपास बसतात. एका दाराला पाऊण किलो पुष्कळ झाला.

घरी आणल्यावर पिशवी लगेच रिकामी करा. वर्तमानपत्रावर एका थराने फुलं पसरा आणि पंख्याखाली तासभर ठेवा. त्यांच्यावर पाणी शिंपडू नका.

ओवणं.

१. फुलं लहान, मध्यम, मोठी अशी तीन ढिगांत वेगळी करा. मोठी मध्यावर आणि दोन टोकांना, लहान पदरांत.

२. देठ वाटीपर्यंत कापा.

३. दोरा दुहेरी घ्या. शिवणाचा बारीक दोरा तुटतो आणि नायलॉनचा दोरा फूल कापत खाली उतरतो. शेवटाला नुसती गाठ मारू नका. देठाचा एक तुकडा आडवा बांधा, म्हणजे पहिलं फूल घसरत नाही.

४. सुई हिरव्या वाटीच्या मधोमध घाला आणि फुलाच्या मध्यातून बाहेर काढा. सर्वांत जास्त होणारी चूक इथे आहे: सुई पाकळ्यांतून तिरकी जाते. ताजेपणी काही कळत नाही, पण दुसऱ्या दिवशी फूल सुकायला लागलं की पाकळ्या सुट्या होतात आणि उंबऱ्यावर सडा पडतो.

५. फुलं एकाच दिशेला तोंड करून ओवली तर माळ एका बाजूने उघडी दिसते. दारातून आत आणि बाहेर दोन्हीकडून तोरण दिसतं, म्हणून पाठीला पाठ, तोंडाला तोंड असं ओवा.

६. चार फुलांनंतर आंब्याचं एक पान, देठाजवळ सुई टोचून. दोन पानांमध्ये फुलांची संख्या सारखी ठेवा.

फुलं किती घट्ट? याचं उत्तर महिन्यावर आहे. भाद्रपदात हवा दमट असते, तेव्हा फुलांमध्ये थोडी फट ठेवा, नाहीतर आतून कुजतात. दसरा-दिवाळीला हवा कोरडी होत जाते आणि फुलं आक्रसतात, तेव्हा चिकटून ओवा.

झोळासाठी दोरी किती? अंदाजाने लोक दीडपट दोरी घेतात आणि झोळ कपाळावर येतो. पहिल्या आणि शेवटच्या कडीत ३० इंच अंतर आहे. एकच झोळ ६ इंच खोल हवा असेल तर माळ सव्वातेहतीस इंच पुरते. दोन झोळ हवे असतील तर पहिली, सहावी आणि अकरावी कडी वापरा. ४ इंच खोलीच्या प्रत्येक झोळाला सुमारे १८ इंच, म्हणजे एकूण ३६ इंच माळ लागते. दोन झोळांचं तोरण डोक्याला लागत नाही आणि भरलेलंही दिसतं.

## टप्पा ६: सणाप्रमाणे साज

गुढीपाडवा. पानांची दोरी मुख्य, फुलं नावाला. कडुनिंबाचे मोहोराचे तुरे दोन टोकांच्या कड्यांना बांधा. मध्यावर बांधले तर दिवसभर बारीक फुलं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर पडतात. साखरेच्या गाठी गुढीला घाला, तोरणात नको. मुंग्या पट्टीपर्यंत चढतात. विदर्भ-मराठवाड्यात चैत्रातल्या उन्हाने पानं दुसऱ्या दिवशीच वळतात, म्हणून दारावर ऊन येत असेल तर दोरी पाडव्याच्या सकाळीच लावा.

आषाढ-श्रावण. ताजा साज लावायचा तो सणाच्या दिवशी, आणि संध्याकाळी काढून टाकायचा. दारावर झड येत असेल तर खणाची पट्टीही काढून ठेवा आणि पानांची सुतळी थेट आकड्यांना बांधा.

गणपती. दहा दिवस एकच साज टिकत नाही. पानांच्या तीन दोऱ्या लागतात असं धरून चाला: चतुर्थीला एक, गौरी येतात त्या दिवशी दुसरी, आणि अनंत चतुर्दशीच्या एक-दोन दिवस आधी तिसरी. जास्वंद आणि तेरडा तोरणात घालायचा मोह आवरा. दोन्ही संध्याकाळपर्यंत मिटतात किंवा लोंबतात, त्यांची जागा देवापुढे आणि गौरीजवळ. दूर्वाही दारावर काही तासांत पिवळ्या पडतात. दारासाठी झेंडू, शेवंती आणि कुरडू. कुरडूचे तुरे सुकले तरी रूप सोडत नाहीत, ते जपून ठेवा, पुढे लागणार आहेत.

गोव्यात गणपतीच्या वर माटोळी बांधतात, तिथे हाच नियम मोठ्या आकारात दिसतो. लाकडी चौकट वर्षानुवर्षं तीच, आणि तिच्यावर दर वर्षी सुपारीचे घोस, नारळ, काकड्या, रानातली फळं नव्याने बांधायची.

दसरा. टप्पा ५ मधली दोन झोळांची माळ, टोकांना फूट-फूटभराचे पदर. आपट्याची पानं तोरणात ओवायला ओरबाडू नका, ती वाटण्यापुरतीच घ्या. आपटा म्हणून कांचनाच्या फांद्याही विकल्या जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असतं, कांचनाचं मोठं आणि मऊ. दसऱ्याचं वाळलेलं तोरण फेकू नका. देशी झेंडूच्या सुकलेल्या फुलांत काळं बी असतं, ते कुंडीत टाकलं की उगवतं.

नवान्न. कोकणात दसऱ्याला किंवा अश्विन पौर्णिमेला दाराला नवं बांधतात: भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचा तुरा. वर्षभरातला सर्वांत टिकाऊ साज हाच. लोंब्या दाणा भरलेल्या पण देठाला हिरवी झाक असलेल्या घ्या. पूर्ण पिकलेल्या लोंबीचे दाणे बांधतानाच झडतात. पाच-पाच लोंब्यांची जुडी करा, उलटी टांगून चार-पाच दिवस सावलीत वाळवा, मग एकेका कडीला एकेक जुडी. उन्हात वाळवली तर हिरवी-सोनेरी झाक जाऊन नुसता पेंढा दिसतो.

सावधान: लोंब्या न वाळवता लावल्या तर आठवड्यात आतून कुबट वास येतो आणि किडे धरतात. चिमण्या दाणे टिपायला येतात, ते मात्र येऊ द्या.

दिवाळी. इथे प्रश्न आगीचा आहे. दसऱ्याची पानं वाळून कुरकुरीत झालेली असतात आणि उंबऱ्यावर पणत्या लागतात. वसुबारसेच्या आधी जुनी दोरी पूर्ण उतरवा. लटकणारा कोणताही पदर पणतीच्या सरळ वर येता कामा नये. लांब पदर टोकांना असतील तर पणत्या उंबऱ्याच्या मध्याकडे घ्या. दिव्यांची माळ लावायची तर ती पट्टीच्या वरच्या कडेला, पानांत गुंडाळून नव्हे. वायर दाराच्या फटीतून नेली तर दार लागताना तिचं आवरण सोलतं, हे दर वर्षी एकदा बोट फिरवून तपासा.

संक्रांत. सुगडात जे घालतो तेच दारावर शोभतं: गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याच्या घाट्यांच्या डहाळ्या, बोरं. खणाच्या पट्टीवर काळ्या कापडाची दुसरी पट्टी टिचबटणांनी लावली तर पायाही सणाचा होतो आणि मूळ खण झाकून सुरक्षित राहतो. हिरव्या ओंब्या तीन-तीनच्या जुडीने, मध्ये एकेक बोर. हलव्याच्या माळा घरात. दमट हवेत साखर सुटते, तिचे ओघळ पट्टीवर येतात.

नाताळ. वसईत आणि गोव्यात दारावर हिरवं गोल कडं लावायचं असेल तरी रीत हीच. भरतकामाची जुनी लाकडी रिंग किंवा वाळलेल्या वेलीचं गुंडाळलेलं कडं हा पाया, आणि त्यावर पाल्याच्या छोट्या जुड्या एकाच दिशेने, प्रत्येक जुडीचा देठ पुढच्या जुडीखाली झाकत बांधायच्या. शेवटच्या जुडीचा देठ पहिलीच्या पाल्याखाली जातो. तिथे फट राहिली तर लाल फीत नेमकी त्याच जागी बांधा. हेच कडं पुढे पाडव्याला आंब्याच्या पानांनी सजवता येतं.

परदेशातल्या घरांत खिळा ठोकता येत नसेल तर दाराच्या वरच्या कडेवर बसणारा, नाताळच्या गोल कड्यासाठी विकला जाणारा चपटा आकडा वापरा. तो दाराच्या पानावर बसतो, चौकटीवर नाही, म्हणून तोरणाची लांबी दाराच्या पानाएवढीच ठेवा. बाहेर काचेचं दुसरं दार असेल तर दोन दारांमधली फट मोजा; झेंडूची जाड माळ तिथे चेंगरते, पानांची दोरी बसते. ताजी आंब्याची पानं बॅगेतून नेऊ नका, विमानतळावर अडवतात. तिथे लोकरीची किंवा कापडी पानं ११ कड्यांवर लावा आणि मध्ये स्थानिक फुलं.

## टप्पा ७: उतरवणं आणि ठेवणं

१. आधी साज, मग पट्टी. पट्टीसकट सगळं एकदम ओढलं की कड्या उसवतात.

२. पानं काळी पडण्याची वाट बघू नका. पान वाजायला लागलं, म्हणजे बोटाने हलवल्यावर कोरडा आवाज आला, की दोरी उतरवायची.

३. निर्माल्यात किंवा खतात टाकण्याआधी सुतळी आणि दोरा काढून घ्या. सुती दोरा कालांतराने कुजतो, पण खत चाळताना अडकतो. सुतळी चांगली असेल तर वाळवून पुन्हा वापरा.

४. पट्टी ब्रशने झटका. झेंडूचा डाग पडलाच असेल तर तो ओला करून चोळू नका, पसरतो. आधी वाळू द्या, मऊ ब्रशने पराग झाडा, मग थंड पाण्यात सौम्य साबण.

५. पूर्ण वाळल्यावर कामटी काढा आणि पट्टी गुंडाळा, घडी करू नका. घडीच्या जागी खण विरतो आणि आरसे निखळतात. गुंडाळी सुती पिशवीत, सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला. प्लॅस्टिकमध्ये ठेवलेली पट्टी पावसाळ्यात हमखास बुरशी धरते.

६. हूक, हिरांचे तुकडे, दाभण, कुरडूचे सुके तुरे आणि लोंब्यांच्या जुड्या एका डब्यात, पट्टीपासून वेगळ्या. लोंब्यांना कीड लागली तर ती खणापर्यंत जायला नको.

पिशवीवर दाराचं माप, कड्यांमधलं अंतर आणि झोळाला लागलेली माळेची लांबी एका चिठ्ठीवर लिहून टाचा. पुढच्या सणाला फुलं आणायला घरातलं दुसरं कुणी गेलं तरी त्याला किती आणायची ते विचारावं लागणार नाही.